राखीव उकिरडा

वास: चुन्याचा

चुना विरताना फसफसत होता आणि वैजयंता पदराने नाक धरून उकिरड्याच्या कडेला उभी होती. दुसऱ्या दिवशी याच फार्मवर गावाची पंगत बसणार होती. अख्ख्या पंगतीत कुणाच्याही पत्रावळीवर एक जरी माशी बसली, तर शहामृगं विकून टाकायची आणि फार्मला कुलूप लावायचं, असं ग्रामसभेत ठरलं होतं. ठरलं म्हणजे वैजयंतानेच भर सभेत उठून कबूल केलं होतं. रागाच्या भरात, पण कबूल केलं होतं.

"अमरजाताईंना विचारलंस का?" भानुदासने फावडं थांबवलं.

"कशाला?"

"हा ढीग हलवायचा न्हाई म्हणून बाई दर येळंला बजावत्यात. 'राखीव' म्हणून पाटी लावलीय. खिळा तूच ठोकलास."

"पाटीबी काढा."

भानुदासने फावडं मातीत रोवलं आणि बायकोकडे बघितलं.

"अहो, पुरणपोळीवर माशी बसली तर सरपंचाला काय सांगू? ही राखीव हाय, हिला मोजू नका? पंगत उठली की नवा ढीग घालू. पाखरं काय हागायची थांबणार न्हाईत."

भानुदासला हसू आलं. त्याने फावडं उचललं. ढिगाखालच्या मातीत तपकिरी दाणे पडले होते, सांडलेल्या गव्हासारखे. चुन्याने ते पांढरे झाले, मग मातीआड गेले.


वास: माहेरचा

ते दाणे म्हणजे माशीचे कोष.

माशी घाणीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी खाऊन फुगते, कोरड्या मातीत सरकते आणि स्वतःभोवती टणक कवच करून घेते. त्या कवचात तिची माशी होते. पण त्या आधी तिथे आणखी कुणी येऊ शकतं. गांधीलमाशीची एक लांबची बहीण, तिळाएवढी, माणसाला न डसणारी. ती कोषाला भोक पाडून आत आपलं अंडं सोडते. तिचं पिल्लू आतली माशी खाऊन वाढतं आणि कोष फुटतो तेव्हा बाहेर माशी येत नाही, गांधील येते. औषध नाही, फवारा नाही. माशी जन्मायच्या आधीच संपते.

हे जुनंच होतं. नवी होती ती आठवण. कीटक संशोधन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. अमरजा वैद्यांनी वीस-बावीस वर्षं खपून तिळगांधिलीची एक जात निवडून निवडून तयार केली होती. ज्या वासात ही जन्मते, तो वास ती मरेपर्यंत विसरत नाही. त्याच वासाच्या मागे जाते, तिथेच अंडी घालते. तिच्या लेकी त्याच वासात जन्मतात आणि तेच माहेर मानतात. शेडच्या भिंतीला अडकवलेली वासपेटी नव्या गांधिलींना जन्मताच साखरेच्या थेंबासोबत त्या फार्मच्या माशीचा वास हुंगवायची. की झाली शिकवणी.

माणदेशात गुरं परवडेनाशी झाली, चाऱ्याऐवजी निवडुंगाची शेतं आली आणि निवडुंग खाऊन जगणारं, कमी पाण्यावर भागवणारं शहामृग आलं. गावाने त्याला अजून शहामृग म्हटलं नाही. आज्या-पणज्यांच्या काळातल्या फसलेल्या ईमूची आठवण धरून सगळे वैजयंताला 'ईमूवाली' म्हणायचे. पाखरामागोमाग माशा आल्या. माशांमागोमाग तक्रारी आल्या. मग अमरजाताईंची पेटी आली आणि वर्षभरात माशा गेल्या. गावाच्या तक्रारी मात्र गेल्या नाहीत.

एकच अट होती. फार्मच्या मागच्या टोकाला एक ढीग माशांसाठी सोडायचा. तिथे त्यांना सुखाने वाढू द्यायचं, म्हणजे गांधिलींना अंडी घालायला कोष मिळत राहतील.

"शिकलेला जीव उपाशी राहिला ना वैजयंताताई," अमरजाताई म्हणाल्या होत्या, "तर तो गप्प बसून मरत नाही. तो दुसरं काहीतरी शिकतो."


वास: पुरणाचा

पंगतीला मालन वाढत होती.

मालन म्हणजे भानुदासची धाकटी बहीण. नवऱ्याशी पटेना म्हणून परत आली, भावाकडे राहायला नाही, आपला वाटा घ्यायला. बांधापलीकडच्या वाट्यात तिने तुती लावली, रेशमाच्या किड्यांचं शेड उभं केलं. गावात तिच्या कोषांना नाव होतं. ग्रामसभेत सगळे वैजयंताच्या अंगावर आले तेव्हा एकटी तीच उठली होती. "माझं शेड बांधाला लागून हाय. माशांचा तरास असता तर आधी मी बोलले असते. पंगत घ्या. वाढायला मी उभी राहते."

आता ती गुळवणीची बादली घेऊन ओळीतून फिरत होती आणि गाव जेवणाकडे कमी, पत्रावळीकडे जास्त बघत होतं. सरपंच सर्जेरावांनी पोळीचा तुकडा मुद्दाम गुळवणीत बुडवून पानाच्या कडेला ठेवला होता. आमिष म्हणून. तो तसाच पडून होता.

"माशी न्हाई म्हणजे जेवल्यासारखंच वाटंना," एक म्हातारा म्हणाला.

"घरून आणायची मग डबीतनं," मालन त्याच्या पानात पोळी टाकत म्हणाली. ओळ हसली.

त्याच वेळी शेडमधून वासपेटीचा आवाज आला. शुद्ध, सरकारी मराठीत. "भक्ष्य संपत आले आहे. कृपया कोष उपलब्ध करून द्यावेत."

सर्जेरावांनी मान वर केली. "हे काय म्हणतंय?"

"काय न्हाई. त्याची जेवायची येळ झालीय," वैजयंता म्हणाली. आत जाऊन तिने पेटीचा आवाज बंद केला.

पंगत उठली. सर्जेरावांनी तो तुकडा उचलून तोंडात टाकला आणि हात धुवायला गेले. मालनने लांबूनच वहिनीला डोळा मारला.

वैजयंताला रडू आवरेना.


वास: कसलाच नाही

लोक बघायला येऊ लागले. चपला काढून शेडमध्ये हिंडू लागले, इतकं ते स्वच्छ होतं. कुणीतरी तिचं बोलणं टिपून घेतलं, ते चारही तालुक्यांत फिरलं. नवा ढीग घालायचा विषय भानुदासने दोनदा काढला. एकदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा वैजयंता म्हणाली, "इतकं निर्मळ झालंय, आता परत घाण करायची?"

पेटीचा आवाज बंदच राहिला होता. पडद्यावर लाल अक्षरं उमटत होती, त्यावर तिने हळदी-कुंकवाची बोटं ओढून, नजर लागू नये म्हणून, मिरच्यांची माळ लटकवली होती.


वास: तुतीच्या पाल्याचा

मालन आली ती डबा घेऊन. तिच्या अंगाला नेहमीचा ओल्या पाल्याचा वास होता, पण चेहरा उतरला होता.

"वहिनी, उझी शिरली माझ्यात."

उझी माशी ही रेशीमवाल्यांची वैरीण. किड्याच्या अंगावर अंडं घालते आणि आतून पोखरते. मालनच्या शेडला दुहेरी दार होतं, खिडक्यांना बारीक जाळी होती, ती सगळी उझीसाठीच.

"जाळी फाटली का?"

"न्हाई ना. तेच कळंना. अख्खी बॅच गेली. भोक पडलेल्या कोषाचा धागा अखंड निघत न्हाई. व्यापाऱ्यानं पिशवीत हात घातला आणि तसाच काढला. म्हनला, ताई, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती." मालनने डबा उघडला. "तुमच्या गांधिली उझीचे कोषबी मारत्यात ना? थोड्या द्या. दुसऱ्या बॅचनं शेवटची कात टाकलीया. हप्त्याभरात चंद्रिकेच्या बांबूच्या चटईवर चढतील आणि कोष करायला लागतील. तोवर मला माझं शेड साफ पायजे."

वैजयंताने एक कोष उचलला. पांढरा, हलका. उझीची अळी बाहेर पडताना डाळीएवढं भोक पाडते. हे भोक सुई टोचल्यासारखं होतं. शेजारी आणखी एक. आणखी एक. तिने कोष कानाशी हलवला. आत किड्याची खुळखुळ नव्हती.

असली भोकं ती रोज बघायची. आपल्या उकिरड्यात, तपकिरी दाण्यांवर. बारीक जाळीतून माशी जात नाही, पण तीळ जातो.

"वहिनी? देताय ना?"

"देते की."

ती आत गेली. फळीवर गांधिलींच्या डब्या असत, भुश्शात गांधील भरलेले कोष घालून केंद्रातून येणाऱ्या. त्यांतली एक जुनी, कधीच फुटून गेलेल्या टरफलांची डबी तिने काढली. भुस्सा हलवून नीट केला. बाहेर येऊन मालनच्या हातात दिली.

"चंद्रिकेजवळ ठेवू?"

"कुठंबी ठेवा, वन्सं."

"तुमचे उपकार कुठं फेडू," मालन म्हणाली आणि बांधावरून झपाझपा निघून गेली.


फोन

"माझ्याच हायेत, ताई?"

"फोटोवरून तरी तशाच वाटतात. ढीग कधी काढलात?"

"पंगतीच्या आदल्या दिवशी."

"आणि पेटी काहीच बोलली नाही?"

"बोलली. मी तिचं तोंड बंद केलं."

पलीकडे अमरजाताईंनी पुटपुटत दिवस मोजले.

"त्या उपाशी होत्या. जवळात जवळ कोष होते ते मालनताईंचे. काहींनी तिथे अंडी घातली. त्यांच्या लेकी रेशमाच्या वासात जन्मल्या."

"मारता येत न्हाईत?"

"औषध मारलं तर मालनताईंचे किडे आधी मरतील."

"परत बोलावता येत न्हाईत?"

"हाक मारून नाही. पण आत्ता एक फट आहे. पहिल्या बॅचचे कोष उचलले गेलेत, दुसऱ्या बॅचच्या अजून अळ्याच आहेत. म्हणजे त्या शेडात आज एकही कोष नाही. गांधिली पुन्हा उपाशी आहेत. आता जो कोष आधी भेटेल, तो शिकतील. बांधाला लागून माशीचे कोष पडले पाहिजेत. मूठभर नाही, ढिगाने. मालनताईंच्या अळ्या चंद्रिकेवर चढायच्या आत."

"म्हणजे उकिरडा."

"मोठा. तुमची सगळी विष्ठा ओली करून बांधाशी पसरावी लागेल. या उन्हात आठवड्याच्या आत कोष पडतील. पण सगळ्या कोषांना पुरतील एवढ्या गांधिली आता नाहीत. उरलेल्यांतून माशा निघतील. खूप निघतील."

"माझी पिल्लं आत्ताच अंड्यातून निघालीत, ताई. माशी आधी डोळ्यावर बसते. डोळा चिकटला की पिल्लू चोच मारत न्हाई. दोन दिवसांत मान टाकतं."

"माहीत आहे."

"दुसरा काय उपाय?"

"मालनताईंना ही बॅच टाकून द्यायला सांगा. म्हणजे गांधिली तिथेच उपाशी मरतील."

"आणि मी काहीच बोलले न्हाई तर?"

"तर मालनताई उझीला शिव्या देत राहतील. ही बॅच जाईल, पुढची जाईल, मग रेशीम बंद करतील. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही." अमरजाताईंचा आवाज खाली आला. "मला हे विचारायला नको होतं तुम्ही."


वास: शेडच्या आतला

मालनच्या शेडमध्ये पाऊस पडत असल्यासारखा आवाज येत होता. हजारो अळ्या पाला खात होत्या. डबी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलेली होती, खाली स्वच्छ फडकं अंथरून.

वैजयंताने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ढीग, चुना, पेटी, भोकं. मालन पाला टाकत राहिली. एक ओळ संपली, दुसरी संपली.

"मी गुळवणी वाढत होते तवा तुम्हाला ठाव होतं?"

"न्हाई. देवाशपथ न्हाई."

"देवाला मधी आणू नका. आणि मी डबा घेऊन आले तवा?"

वैजयंताने कोनाड्यातल्या डबीकडे पाहिलं.

"वहिनी, मी इचारतीय. मी डबा उघडून कोष तुमच्या हातात दिला, तवा?"

"तवा होतं."

मालनचा हात पाल्याच्या पाटीत तसाच राहिला. मग ती कोनाड्याकडे गेली. डबी उघडून तळहातावर पालथी केली. भुस्सा आणि टरफलं. तिने फुंकर मारली. टरफलं उडून वैजयंताच्या पायाशी पडली.

"रोज सकाळी हिला बघत होते मी. फुटल्या का, फुटल्या का म्हणून."

"वन्सं—"

"वन्सं म्हणू नका." आवाज चढलेला नव्हता. "आता काय करायला सांगायला आलाय? किडे टाकून देऊ?"

"न्हाई. सांगायला आले की उद्यापासनं बांधावर घाण पडंल. माशा येतील. तुमच्या जाळीतनं त्या आत यायच्या न्हाईत. दार तेवढं लावून घ्या."

मालनने दार लावून घेतलं. वैजयंता बाहेर येते न येते तोच.


वास: सगळ्यांना येणारा

"डोस्कं फिरलंय का तुझं," भानुदास म्हणाला. "गावाला शब्द दिलास तो? पिल्लं? मालनला एका बॅचचं भरून देऊ. माझी भन हाय ती, ऐकंल माझं."

"आणि खोटी डबी दिली ती कशानं भरून देऊ?"

तो तिला ओलांडून निघून गेला. पाण्याचा टँकर घेऊन परतला. दोघांनी न बोलता शेडं खरवडली, विष्ठा बांधाशी नेऊन पसरली, वर पाणी मारलं. थोरली शहामृगं कुंपणावरून माना काढून आपल्याच घाणीची वरात बघत उभी राहिली.

आधी अळ्या दिसल्या. ढीग आतून हलायला लागला. मग कडेची माती तपकिरी झाली. मग माशा.

*पिंपरबन गावकरी* या गटावर:

*कुणाकडं म्हैस मेलीय काय? वास येतोय.*

*म्हैस न्हाई. ईमूवाली.*

*पंगतीचं पुरण अजून पचलं न्हाई तवर.*

*आमच्या बाळाच्या पाळण्यावर बसल्यात. सरपंच झोपलेत का?*

सरपंच झोपले नव्हते. तोंडावर रुमाल बांधून ते बांधावर आले. "वैजयंताबाई, शब्द तुमचा होता. एक माशी म्हणालो होतो आपण. इथं मला त्या मोजता येईनात."

"शब्द माझाच. फार्मला कुलूप लावा."

सर्जेराव भांडणाच्या तयारीने आले होते. ते गोंधळले. "आज?"

"मालनचे कोष पक्के होऊ द्या. तवर या ढिगाला कुणी हात लावायचा न्हाई. तुम्ही गावाला तेवढं थांबवा. मग थोरली पाखरं मी स्वतः गाडीत चढवते."

"पण हे कशापायी?"

तिने सांगितलं. त्यांनी मालनच्या बंद दाराकडे पाहिलं, रुमाल सोडला, परत बांधला. "हप्ता देतो," म्हणाले आणि गेले.

वासपेटीवरची माळ वैजयंताने काढून टाकली होती. आवाज चालू केला होता. पेटी दर संध्याकाळी ढिगावरच्या गांधिलींचा अंदाज सांगायची. "आढळल्या नाहीत." दुसऱ्या दिवशी, "आढळल्या नाहीत." मालनच्या शेडमधला पावसासारखा आवाज थांबला. अळ्यांनी खाणं सोडलं होतं. म्हणजे त्या चंद्रिकेवर चढल्या. त्या संध्याकाळी पेटी म्हणाली, "तुरळक."

तुरळक पुरे का, हे पेटीला सांगता येत नव्हतं.

पिल्लांच्या डोळ्यांभोवती माशांची काळी वेटोळी बसली होती. वैजयंता दिवसभर कोमट पाण्याचा बोळा घेऊन बसायची, एकाचे डोळे उघडेपर्यंत दुसऱ्याचे चिकटायचे. भानुदासने मच्छरदाण्या बांधल्या, पिल्लांनी चोचींनी फाडल्या. एक पिल्लू तिच्या मांडीवरच थंड झालं. भानुदासने ते उचललं. तो काही बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.


शेवटचा वास

मालन बांधावर आली ती उन्हं उतरायला लागल्यावर. एका हातात सूप, सुपात नव्या बॅचचे कोष, दुसऱ्या हातात पातं. वैजयंता पिल्लांच्या वाड्यातून उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघींच्या मध्ये तो घोंगावणारा ढीग होता.

मालनने पहिला कोष उभा चिरला आणि तळहातावर उलटा केला. आतला किडा तपकिरी, चकचकीत, बोटाच्या उबेने शेपटाकडून वळवळला. तिने तो सुपात टाकला. दुसरा चिरला. वळवळला. तिसरा. चौथ्यातून काळपट भुकटी आणि बारीक पांढऱ्या अळ्या सांडल्या. मालनने तो पायाखाली घेतला आणि पाचवा चिरला. जिवंत. त्याच्यापुढचाही. सूप अर्धं होईपर्यंत ती चिरत राहिली, आणि काळी भुकटी परत एकदाच निघाली.

"बॅच निघंल," मालन म्हणाली. सुपाकडे बघतच.

वैजयंताने नुसती मान हलवली.

"पिल्लं किती ऱ्हायली?"

"निम्मी. त्यातलीबी..."

मालनने पातं पदराला पुसलं. "माझ्या शेडाच्या मधल्या खोलीत माशी येत न्हाई. चंद्रिकेच्या खोलीच्या दाराला आज पत्रा मारून घेतलाय. न्हाईतर तुमची पाखरं माझे कोष टिपतील." ती वळली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "आणा. दिवस हाय तवर."

भानुदासने पाट्या आणल्या. पिल्लं एकमेकांवर रेलून, डोळे मिटून बसली होती. वैजयंता एक पाटी कवेत घेऊन बांध उतरली. माशा तिच्या तोंडावर, पापण्यांवर, ओठांच्या कडांना बसल्या होत्या. हात भरलेले होते. तिने हाकलल्या नाहीत.

मालन बाहेरच्या दाराशी उभी होती. तिने पाटीवर फडकं झटकलं, पुन्हा झटकलं, मग पाटी अशी अलगद ओढून घेतली की आतलं एकही पिल्लू हललं नाही. वैजयंताने उंबऱ्यात पाय टाकला.

"तुम्ही भाईरच थांबा, वहिनी," मालन म्हणाली. "अंगावर माशा हायेत."

दार लागलं, मग आतलं दार लागलं. वैजयंता जाळीला कान लावून उभी राहिली. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मग कुणीतरी धातूच्या भांड्यात चोच मारली. एकदा. थांबून, परत एकदा.

ती दुसरी पाटी आणायला वळली.